उपवासातून वाचलेली भाकर : ख्रिस्ती उपवाससाधनेची पूर्वतयारी आणि आचरण यांची चिकित्सा

बीजसंज्ञा : उपवास, उपासमार, पूर्वतयारी, लेन्ट, यशया, रिचर्ड फॉस्टर, शेजारी

प्रास्ताविक

उपवास ही मराठी वाचकाला परकी वाटणारी गोष्ट नाही. एकादशी, चतुर्थी, रमजानचे रोजे, पर्युषण यांमुळे अन्नत्यागाची कोणती ना कोणती रीत त्याच्या घरात किंवा शेजारी असतेच. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्या समाजाला उपवासातील विसंगतीही ठाऊक आहे. ख्रिस्ती उपवासाकडे पाहताना मात्र दोन समज आड येतात. ख्रिस्ती धर्मात उपवासाला स्थानच नाही, हा पहिला समज. आणि लेन्टच्या दिवसांत मांसाहार टाळणे म्हणजेच ख्रिस्ती उपवास, हा दुसरा. हे दोन्ही समज अपुरे आहेत. उपवासाचा उगम, त्याची पूर्वतयारी, त्याचे आचरण आणि त्याचा शेवट यांविषयी ख्रिस्ती परंपरेत सुमारे दोन हजार वर्षे विचार झालेला आहे आणि त्यात मतभेदही तीव्र आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या साधनेला पुन्हा उजाळा मिळाला. त्यात अमेरिकन क्वेकर लेखक रिचर्ड फॉस्टर यांच्या ‘सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन’ (१९७८) या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. या ग्रंथातील उपवासविषयक प्रकरण केंद्रस्थानी ठेवून ख्रिस्ती उपवासाच्या पूर्वतयारीची आणि आचरणाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उपवासाची खरी पूर्वतयारी पोटाची नसून शेजाऱ्याशी असलेल्या नात्याची आहे. आणि उपवासातून वाचलेली भाकर कोणाकडे गेली, या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज ती साधना पूर्ण होत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. फॉस्टर यांच्या मांडणीचे बळ मान्य करूनही तिची मर्यादा नेमकी येथे दिसते.

शब्दविचार

‘उपवास’ या शब्दाची फोड ‘उप’ आणि ‘वस्’, म्हणजे ‘जवळ राहणे’, अशी केली जाते. यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी वस्तीला येतात. पाहुणे जेवण्यापूर्वी यजमानाने जेवणे योग्य नाही, असे स्पष्टीकरण शतपथ ब्राह्मणाच्या आरंभीच आढळते. अन्नत्यागाचे मूळ येथे आतिथ्याशी जोडलेले आहे. बोलीतील ‘उपास’ हा शब्द मात्र याहून व्यापक अनुभव सांगतो. मराठी माणूस उपास ‘धरतो’ आणि ‘सोडतो’. पण त्याला उपास ‘घडतो’ही, आणि वाईट दिवसांत त्याला उपास ‘काढावे’ लागतात. ‘उपास’ आणि ‘उपासमार’ ही एकाच शब्दाची दोन टोके आहेत. स्वेच्छेने पत्करलेली भूक आणि लादली गेलेली भूक यांना भाषेने एकमेकींपासून फार दूर जाऊ दिलेले नाही.

बायबलच्या मूळ भाषांतही काहीसे असेच घडलेले दिसते. नव्या करारातील ‘नेस्तेइआ’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘न खाणे’ असा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या हालअपेष्टांची यादी देतो. तेथे तहान, भूक, थंडी यांच्याबरोबर हाच शब्द येतो. तो ऐच्छिक उपवास आहे की अन्नच न मिळाल्याने घडलेला उपास, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. जुन्या करारात उपवासासाठी ‘जिवाला पीडणे’ असा वाक्प्रयोग प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या संदर्भात रूढ आहे. ‘पीडणे’ या अर्थाचे तेच क्रियापद दडपल्या गेलेल्या माणसांविषयीही वापरले जाते. हा दुवा पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

राजकीय ‘उपोषणा’शी या साधनेची गल्लत होऊ नये. उपोषण कोणाला तरी उद्देशून आणि सर्वांना दिसेल असे केले जाते. ते दिसले नाही तर त्याचा हेतूच संपतो. ख्रिस्ती उपवासाचा रोख प्रथमतः ईश्वराकडे असतो. तो दिसावा की दिसू नये, हा त्यातील एक जुना आणि अवघड प्रश्न आहे.

बायबलमधील उपवास : आचरण आणि आक्षेप

जुन्या करारात उपवासाचे प्रसंग अनेक आहेत : शोकाचे, पश्चात्तापाचे, संकटाचे. एस्तेर राजापुढे जाण्यापूर्वी तीन दिवस उपवास करते व करवून घेते. योनाचा संदेश ऐकून निनवे शहर राजापासून गुराढोरांपर्यंत उपवास करते. परंतु बायबलचे वैशिष्ट्य असे की, उपवासाची आज्ञा देणाऱ्या या ग्रंथातच उपवासावरील सर्वांत कठोर टीकाही आहे. जखऱ्याच्या सातव्या अध्यायात सत्तर वर्षे पाळलेल्या उपवासांविषयी, ते खरोखर देवासाठी होते काय, असा प्रश्न उपस्थित होतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात ही टीका टोकाला पोहोचते.

या अध्यायाची रचना संवादाची आहे. उपवास करणारे लोक तक्रार करतात की, आम्ही जिवाला पीडा दिली तरी देव लक्ष देत नाही. उत्तरादाखल संदेष्टा त्यांच्या उपवासाच्या दिवसाचे वर्णन करतो : त्या दिवशीही त्यांचा व्यवहार चालू असतो, मजुरांकडून काम पिळून घेतले जाते, भांडणे होतात आणि मूठ उगारली जाते. मान लववून गोणपाटावर बसणे हा उपवास नव्हे. जोखडाची बंधने सोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे, उघड्याला पांघरूण घालणे, हा तो उपवास होय. तिसऱ्या वचनात लोकांनी स्वतःच्या जिवाला दिलेल्या पीडेसाठी जे क्रियापद येते, त्याचेच रूप दहाव्या वचनात पीडित जिवाला तृप्त करण्याच्या संदर्भात योजलेले आहे. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. स्वतःचा जीव पीडणाऱ्याने दुसऱ्याच्या पीडलेल्या जिवाकडे पाहावे, असा हा शब्दातूनच घडणारा युक्तिवाद आहे.

नव्या करारात येशूच्या चाळीस दिवसांच्या उपवासाने त्याच्या कार्याचा आरंभ होतो. डोंगरावरील प्रवचनात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींविषयी एकाच साच्यात शिकवण दिलेली आहे : तिन्ही गुप्तपणे करावीत. उपवास करणाऱ्याने चेहरा उतरवून फिरू नये. डोक्याला तेल लावावे व तोंड धुवावे. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. उपवास कराल तर, अशी अट न घालता, तो केला जाईल हे गृहीत धरलेले आहे. आणि उपवासाचा विचार दान व प्रार्थना यांपासून तोडलेला नाही. दुसरीकडे, मार्कच्या दुसऱ्या अध्यायात वर सोबत असताना वऱ्हाडी उपवास करीत नाहीत, असे येशू आपल्या शिष्यांच्या बाजूने सांगतो. म्हणजे उपवासाला काळ-वेळ आहे. तो स्वयंसिद्ध पुण्य नाही.

पाठचिकित्सेतूनही एक सूचक बाब पुढे येते. मार्कच्या नवव्या अध्यायात प्रार्थनेला जोडून येणारा ‘उपवास’ हा शब्द सिनाइटिकस (मूळ लेखनात) व व्हॅटिकनस या प्राचीन हस्तलिखितांत नाही. तो पुढील काळातील नकलाकारांनी घातला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उपवासाचे सामर्थ्य वाढवून सांगण्याची ओढ किती जुनी आहे, याचा हा पुरावा म्हणता येईल.

आरंभीची मंडळी : वाचलेल्या अन्नाचा हिशेब

प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपवास व प्रार्थना करून बार्णबा व शौल यांना कार्यासाठी पाठविते. ‘डिडाखे’ या प्राचीन ग्रंथात बुधवार व शुक्रवार हे उपवासाचे वार म्हणून येतात. याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि १८८३ मध्ये प्रकाशित झाली. बाप्तिस्म्यापूर्वी बाप्तिस्मा घेणाऱ्याने एक-दोन दिवस आणि बाप्तिस्मा देणाऱ्यानेही उपवास करावा, असेही त्यात सांगितले आहे. देणाऱ्यालाही ही अट लागू असणे अर्थपूर्ण आहे. तयारी एकट्याची नसून सोबतीने करावयाची आहे.

दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथातील पाचव्या दृष्टान्तात उपवासाची पद्धत अगदी व्यवहारी रीतीने सांगितलेली आहे. उपवासाच्या दिवशी केवळ भाकर व पाणी घ्यावे. एरवी जे खाल्ले असते त्याचा खर्च मोजावा आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. त्याच शतकातील आरिस्टिडीस हा अथेन्सचा तत्त्वज्ञ ख्रिस्ती समाजाच्या समर्थनार्थ लिहिताना सांगतो की, त्यांच्यात कोणी गरीब असेल आणि इतरांकडे शिल्लक अन्न नसेल, तर ते दोन-तीन दिवस उपवास करून त्याची गरज भागवितात. येथे क्रम उलटा आहे. आधी उपवास आणि मग दान असे नसून शेजाऱ्याची भूक हेच उपवासाचे कारण आहे.

पूर्वतयारीचे दोन आराखडे

फॉस्टर यांच्या ग्रंथाचे महत्त्व समजण्यासाठी त्याची पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे. १८६१ ते १९५४ या काळात उपवासावर प्रसिद्ध झालेले एकही पुस्तक आपल्या शोधात आढळले नाही, असे ते नमूद करतात. खाण्यापिण्याच्या विपुलतेत जगणाऱ्या समाजाला त्यांनी या विस्मृत साधनेची आठवण करून दिली. त्यांच्या प्रकरणाची तीन बलस्थाने आहेत. एक, उपवासाचे केंद्र ईश्वरच असले पाहिजे, आरोग्य किंवा इच्छित फळ नव्हे, हे ते ठामपणे सांगतात. दोन, अन्नाने झाकून ठेवलेल्या गोष्टी, म्हणजे राग, मत्सर, भीती, अहंकार, उपवासात वर येतात, हे त्यांचे निरीक्षण अनुभवाला धरून आहे. तीन, त्यांनी दिलेला क्रम सावध आहे. दुपारच्या जेवणापासून दुसऱ्या दुपारच्या जेवणापर्यंत चोवीस तासांचा, फळांचा रस घेऊन केलेला आंशिक उपवास. काही आठवड्यांनी केवळ पाण्यावरचा. नंतर छत्तीस तासांचा. आणि विचारान्ती त्याहून दीर्घ. उपवास हलक्या आहाराने सोडावा, तसेच मधुमेही, गर्भवती, हृदयरोगी यांनी तो करू नये, ही सूचनाही त्यांच्याकडे आहे.

हा आराखडा उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र त्याचे एकक ‘तास’ हे आहे. साधकाची प्रगती किती जेवणे वगळली यावरून मोजली जाण्याचा धोका लेखकाच्या इच्छेविरुद्धही त्यात राहतो. शिवाय फॉस्टर साधनांचे तीन वर्ग करतात : अंतर्मुख, बहिर्मुख आणि सामुदायिक. ध्यान, प्रार्थना आणि अभ्यास यांच्यासोबत उपवास ‘अंतर्मुख’ वर्गात जातो. साधी राहणी व सेवा ‘बहिर्मुख’ वर्गात जातात. हे वर्गीकरण अध्यापनाच्या सोयीसाठी असले तरी त्याचा परिणाम आशयावर होतो. यशयाने ज्या गोष्टी उपवासाची व्याख्या म्हणून सांगितल्या, त्या येथे दुसऱ्या प्रकरणांच्या वाट्याला जातात.

याच्या शेजारी पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळींच्या बायझंटाइन परंपरेतील तयारी ठेवून पाहावी. तेथे लेन्टच्या आधीचे चार रविवार क्रमाने साधकाला तयार करतात. पहिल्या रविवारी परूशी व जकातदार यांचा दृष्टान्त वाचला जातो. त्यातील परूशी आठवड्यातून दोनदा उपवास करतो आणि तरीही नीतिमान ठरत नाही. त्या रविवारनंतरच्या आठवड्यात बुधवार-शुक्रवारचे नेहमीचे उपवासही पाळले जात नाहीत. उपवासाची तयारी उपवास सोडून देण्याने सुरू होते. दुसऱ्या रविवारी उधळ्या पुत्राची कथा येते. तिसऱ्या रविवारी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाचे वर्णन वाचले जाते. भुकेल्याला खाऊ घातले की नाही, हा तेथील न्यायाचा निकष आहे, आणि याच रविवारनंतर मांसाहार बंद होतो. चौथा रविवार क्षमेचा असतो. उपासनेत सामील झालेले लोक एकमेकांची क्षमा मागतात. मगच लेन्ट सुरू होतो. दूधदुभते सोडण्याची वेळही याच रविवारनंतर येते.

या दोन आराखड्यांतील फरक केवळ पाश्चात्त्य आणि पौर्वात्य असा नाही. दोन्हींत शरीराची तयारी टप्प्याटप्प्याने आहे : आधी मांस, मग दूधदुभते, असा क्रम बायझंटाइन रीतीतही दिसतो. परंतु तेथे शरीराच्या प्रत्येक टप्प्याला नात्याचा एक टप्पा जोडलेला आहे. मांस सोडण्यापूर्वी भुकेल्याचा विचार, आणि दूध सोडण्यापूर्वी ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याची क्षमायाचना. उगारलेली मूठ आधी उघडावी, हा यशयाचा आग्रह येथे दिनदर्शिकेत उतरलेला दिसतो. सिरियन परंपरेतील मंडळी, ज्यांत केरळमधील मंडळीही येतात, लेन्टच्या तीन आठवडे आधी निनवेचा तीन दिवसांचा उपवास पाळतात. तोही एकट्या साधकाचा नसून सबंध नगराच्या पश्चात्तापाची आठवण आहे.

आचरणातील विवेक

आचरणाच्या बाबतीत मठपरंपरेने विवेकाला सर्वांत वरचे स्थान दिले. जॉन कॅसियन (सु. ३६० – सु. ४३५) याने इजिप्तमधील वाळवंटी साधूंचे जे अनुभव लिहून ठेवले, त्यांत अतिरेकी उपवास आणि अतिभोजन ही दोन्ही टोके शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात, असा विचार वारंवार येतो. दीर्घ उपवासानंतर येणाऱ्या खादाडपणापेक्षा रोजचा मोजका आहार बरा, असे त्याचे मत आहे. त्यानेच सांगितलेला एक प्रसंग बोधप्रद आहे. पाहुणे आल्यावर एका वृद्ध साधूने नेहमीचा उपवास मोडला. कारण विचारता, उपवास सदैव आपल्यापाशीच असतो, पण पाहुण्यांना आपण कायम ठेवून घेऊ शकत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. अतिथीच्या रूपाने ख्रिस्त आला असताना उपवास धरून बसणे त्याला अनुचित वाटले. देव वस्तीला येणार म्हणून यजमानाने उपाशी राहणे आणि देव अतिथीरूपाने आला म्हणून उपवास सोडणे, या दोन कल्पनांतील साम्य व भेद दोन्ही मराठी वाचकाच्या लक्षात सहज येतील.

मध्ययुगात पश्चिम युरोपात हा विवेक नियमांच्या जाळ्यात अडकला. लेन्टमध्ये लोणी खाण्याची सवलत देणगीच्या मोबदल्यात मिळू लागली. फ्रान्समधील रूआँ येथील कॅथेड्रलचा एक मनोरा अशा देणग्यांतून उभा राहिल्याचे सांगितले जाते आणि तो आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. हर्मासच्या सूचनेत उपवासाचा पैसा विधवेकडे जात होता. येथे उपवास न करण्याचा पैसा दगडी बांधकामात गेला.

१५२२ च्या लेन्टमध्ये झुरिच येथे ख्रिस्तोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी सॉसेज खाल्ले गेले. झ्विंग्ली तेथे हजर होता. त्याने स्वतः ते खाल्ले नाही, पण पुढे आहाराच्या स्वातंत्र्यावर प्रवचन देऊन खाणाऱ्यांची पाठराखण केली. या प्रसंगाकडे सहसा नियमभंग म्हणूनच पाहिले जाते. परंतु फ्रोशाउअरने केलेला बचाव वेगळा होता : फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी छपाई वेळेत पुरी करायची होती आणि राबणाऱ्या कामगारांना पुरेसे अन्न हवे होते. यशयाने मजुरांना राबवून उपवास करणाऱ्यांना फटकारले होते. झुरिचमध्ये मजुराची भूक हेच उपवासाच्या नियमाविरुद्धचे कारण ठरले.

धर्मसुधारकांनी उपवास मात्र नाकारला नाही. कॅल्व्हिनने त्याचे तीन हेतू सांगितले : देहवासनांना आवर घालणे, प्रार्थनेची तयारी आणि ईश्वरापुढील नम्रता. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने बुधवार-शुक्रवारच्या उपवासाचा आग्रह धरला. फॉस्टर वेस्लीचा दाखला देतात तो मुख्यतः त्याच्या शिस्तीसाठी. परंतु डोंगरावरील प्रवचनावरील आपल्या मालिकेत वेस्लीने उपवासावर जे प्रवचन लिहिले, त्याचा शेवट शिस्तीवर होत नाही. उपवासाला दानाची जोड हवी असे सांगून तो यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायापाशी येतो. शिस्तीचा दाखला घेताना हा शेवटही सोबत घेतला असता, तर फॉस्टर यांच्या वर्गीकरणाची चौकट ताणली गेली असती.

भुकेल्याने उपवास करावा काय?

उपवासाविषयीच्या बहुतेक मार्गदर्शनपर लेखनात वाचक पोटभर जेवणारा आहे, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत प्रश्नांकित केल्यास चर्चेचे स्वरूप बदलते. पोप सहावे पॉल यांच्या ‘पेनितेमिनी’ (१९६६) या आदेशपत्राने कॅथलिक उपवासाचे नियम पुष्कळ सौम्य केले. आज १९८३ च्या धर्मसंहितेनुसार भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे आहेत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत हा नियम लागू होतो. एक पूर्ण जेवण आणि दोन अल्प आहार असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. परंतु या पत्रातील अधिक मूलगामी भाग सवलतीचा नाही. संपन्न देशांतील ख्रिस्ती लोकांनी आत्मत्यागाची व गरिबांशी बांधिलकीची साक्ष द्यावी. जेथे जीवनमान हलाखीचे आहे तेथील लोकांनी सामाजिक न्यायासाठी झटत आपले दुःखच प्रार्थनेत अर्पावे, असा भेद ते करते. सर्वांना एकच उपवास लागू नाही, याची ही अधिकृत कबुली होय.

मराठी ख्रिस्ती इतिहासाच्या संदर्भात हा भेद पुस्तकी राहत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-स्त्रियांना आणून आश्रय दिला आणि केडगावचे मुक्ती सदन विस्तारले. ज्यांना उपास घडले होते, काढावे लागले होते, त्यांच्या संदर्भात उपवासाची साधना काय असेल? यशयाच्या निकषाने पाहिल्यास त्यांच्यासाठी शिजविलेली भाकर हीच कोणाच्या तरी उपवासाची पूर्तता होती. पुढे याच रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणले, याची नोंद येथे आवर्जून घ्यावीशी वाटते.

संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. उपवासाचा अर्थ दानात शोधायचा असेल, तर उपवासाची गरजच काय? जेवून दान करता येते. उपवास हे दानाचे साधन ठरले, तर ईश्वर केंद्रस्थानी असावा हा फॉस्टर यांचा योग्य आग्रहच बाजूला पडेल.

आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच डोंगरावरील प्रवचनात दान, प्रार्थना व उपवास एकत्र असूनही एक दुसऱ्यात विरघळत नाही. जेवून केलेल्या दानात देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर कायम राहते. उपवासात देणारा काही तासांपुरता का होईना घेणाऱ्याच्या बाजूला उभा राहतो. भूक ही त्याच्यापुरती ऐकीव बाब राहत नाही. शिवाय दान हीदेखील हमी नव्हे. दृष्टान्तातील परूशी उपवासही करतो आणि उत्पन्नाचा दशांशही देतो. त्याचे चुकते ते तिसऱ्याच ठिकाणी : शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे तो तुच्छतेने पाहतो. वाचलेली भाकर देणे पुरेसे नाही. ती कोणत्या नजरेने दिली हेही उपवासातच मोडते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायानुसार भुकेल्याच्या ठिकाणी ख्रिस्तच भेटतो. त्यामुळे शेजाऱ्याकडे वळणे म्हणजे ईश्वरापासून दूर जाणे, ही भीतीही अनाठायी ठरते. उपवास अंतर्मुख की बहिर्मुख, हा पर्यायच मुळात अपुरा आहे.

गुप्ततेच्या आज्ञेचाही अर्थ या प्रकाशात स्पष्ट होतो. लपवायचे आहे ते स्वतःचे कष्ट. दुसऱ्याच्या भुकेकडे डोळेझाक करावयाची नाही. वजन घटविण्यासाठी तासांचे हिशेब ठेवून केलेले उपवास आज लोकप्रिय आहेत आणि त्यांची जाहीर चर्चाही होते. आरोग्याचा उपाय म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. पण आध्यात्मिक उपवासाची भाषा तीच होऊ लागली, म्हणजे किती तास, किती दिवस, काय साधले, एवढेच प्रश्न उरले, तर चेहरा उतरवून फिरणाऱ्यांचीच ती नवी आवृत्ती ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ख्रिस्ती परंपरेत उपवास अन्नत्यागापुरता मर्यादित नाही. प्रार्थना व दान यांच्यासह तो एका त्रयीचा घटक आहे. त्याच्या पूर्वतयारीत शरीराचा क्रमिक सराव आणि प्रकृतीचा विचार आवश्यक आहे. त्या दृष्टीने फॉस्टर यांचे मार्गदर्शन आजही उपयोगी आहे. मात्र तासांचा आराखडा पूर्वतयारीचा अर्धाच भाग आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे तुटलेल्या नात्यांची जुळवणी, राबणाऱ्याच्या मजुरीचा न्याय आणि भुकेल्याची दखल, यशयाने सांगितला, बायझंटाइन परंपरेने चार रविवारांत बसविला आणि वेस्लीने आपल्या प्रवचनाच्या शेवटी आठवणीने नोंदविला. उपवासाला ‘अंतर्मुख साधना’ म्हणणारे वर्गीकरण या भागाला त्याच्या मूळ जागेवरून हलविते.

आचरणात विवेक हवा. पाहुणा आला तर उपवास सोडता आला पाहिजे, आणि जो आधीच उपाशी आहे त्याच्यावर उपवासाचे ओझे टाकता कामा नये. उपवास किती वेळ चालला, हे घड्याळ सांगू शकते. तो पुरा झाला की नाही, हे मात्र उपवास करणाऱ्याला स्वतःपुरते ठरविता येत नाही. त्या दिवशी त्याच्या ताटातून वाचलेली भाकर ज्याच्यापर्यंत पोहोचावयास हवी होती, त्याच्या दारापाशीच त्याचे उत्तर शोधावे लागते.